चष्मा, आय लाइट आणि जुन्या सिनेमातली नायिका

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या चित्रपटांत नायिका चष्म्यात साधीसुधी दिसते आणि चष्मा उतरवला की सगळे तिच्याकडे बघत राहतात. हा फरक खरंच चष्म्याने पडतो, की ती कॅमेऱ्याची करामत? विचारणाऱ्या बाई साठच्या दशकात घडणारा एक लघुपट करताहेत. त्यांच्या नायिकेला चष्मा आहे, आणि क्लोज-अपला तो काढूनच टाकावा असा त्यांच्या कॅमेरामनचा आग्रह आहे.

मी आयुष्यभर सेटवर दिवे लावत आलोय, चष्मेवाले चेहरेही भरपूर उजळलेत, त्यामुळे या विषयावर जरा ठामपणे बोलतो. चष्म्याने चेहऱ्याचं बिघडतं ते फार थोडं, आणि तेवढं मोजून सांगता येतं. खरी अडचण होते ती प्रकाशयोजना करणाऱ्याची. चष्म्याबद्दल समाजात अढी आधीपासून होतीच, स्टुडिओच्या दिव्यांनाही चष्मा गैरसोयीचा होता, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या पथ्यावर पडल्या. बाकी जो कायापालट पडद्यावर दिसतो तो केस, भुवया, कपडे आणि नटीची मान यांचा असतो.

आधी काचेचं बघू. साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, साधारण १.५ असतो. अशा काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे पुढचा-मागचा मिळून ८ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण समोर दोन हजार वॉटचा दिवा असेल तर एवढाही प्रकाश बुबुळ झाकून टाकायला पुरतो. हे परावर्तन मारणारं कोटिंग १९३० च्या दशकात निघालं. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरिन ब्लॉजेट यांनी १९३८ मध्ये त्यावर काम केलं. पण त्याचा फायदा आधी कॅमेऱ्याच्या नि दुर्बिणीच्या भिंगांना मिळाला. लोकांच्या नाकावरच्या चष्म्यापर्यंत ते यायला बरीच वर्षं गेली.

दुसरा मुद्दा नंबरचा. उणे ६ ची काच डोळ्यापासून १२ मिलिमीटरवर बसली असेल, तर समोरच्याला तो डोळा सुमारे ७ टक्के लहान दिसतो आणि गालाची कड काचेच्या आत सरकलेली दिसते. अधिक ६ ची असेल तर डोळा साधारण ८ टक्के मोठा दिसतो. जाड नंबर असलेल्या माणसाच्या चेहऱ्यात एवढा फरक पडतो, नाही असं नाही. पण सेटवर नटीच्या नाकावर बहुतेक वेळा झिरो नंबरचीच काच असते, म्हणजे हाही मुद्दा निकालात निघतो. उरतं ते परावर्तन आणि फ्रेमची सावली.

आता आय लाइट. बुबुळात जो बारीक चमकता ठिपका दिसतो त्याला आम्ही आय लाइट म्हणतो. तो नसेल तर चेहरा कितीही रेखीव असू दे, डोळे विझलेले दिसतात. तीसच्या दशकात हॉलिवूडच्या पॅरामाउंट स्टुडिओत दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी मार्लेन डीट्रिश या नटीला ज्या तऱ्हेने उजळलं ती तऱ्हा आजही शिकवली जाते. मुख्य दिवा समोरून आणि बराच उंच, त्यामुळे नाकाखाली फुलपाखरासारखी छोटी सावली, गालांची हाडं उठून दिसतात आणि डोळ्यांत वरून ठिपका. याच चेहऱ्यावर चष्मा ठेवा. फ्रेमच्या वरच्या कडेची सावली थेट पापणीवर पडते. सावली घालवायला दिवा खाली घेतला तर तोच दिवा काचेत शिरून कॅमेऱ्याच्या लेन्सकडे बघायला लागतो. इकडे आड, तिकडे विहीर.

त्यात भर पडली ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेल्या छोट्या दिव्याची. मर्ल ओबेरॉन ही मुळात आपल्या मुंबईत जन्मलेली नटी. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्यावर व्रण आले. 'द लॉजर' (१९४४) चित्रित करताना छायालेखक लुसियन बॅलार्ड यांनी लेन्सच्या अगदी लगत एक छोटा दिवा लावला. समोरून सपाट पडणाऱ्या प्रकाशात व्रण बुजून गेले आणि डोळे चमकले. तिच्या नावावरून त्याला 'ओबी' म्हणू लागले. युक्ती उत्तमच आहे, मीही असा दिवा वापरलाय. पण चष्म्यासमोर तो साफ निरुपयोगी. ज्या दिशेने प्रकाश जातो त्याच दिशेने परत येतो आणि दोन्ही काचांत दोन पांढरे दिवे दिसतात. थोडक्यात, नायिकेला सुंदर दाखवण्याची त्या काळची सगळी पद्धत उघड्या डोळ्यांसाठी बसवलेली होती. चष्मा त्या हिशेबातच नव्हता.

चष्मेवाल्या पुरुषाचं काय केलं हेही बघण्यासारखं आहे. हॅरॉल्ड लॉइड या विनोदी नटाने १९१७ पासून गोल जाड कड्यांचा चष्मा लावला आणि ती त्याची ओळख झाली. परावर्तनाची अडचण त्यालाही होतीच. त्याने फ्रेममधली काच काढून टाकली आणि चष्मा चेहऱ्यावर कायम ठेवला. एवढा सोपा तोडगा मूकपटांच्या काळापासून हाताशी होता. तरी नायिकेच्या बाबतीत पुढची कितीतरी वर्षं अख्खा चष्माच उतरवला गेला. हे नुसत्या तांत्रिक अडचणीने झालेलं नाही, हे मला स्पष्ट दिसतं.

या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं दृश्य हॉवर्ड हॉक्स यांच्या 'द बिग स्लीप' (१९४६) मधलं. हंफ्री बोगार्टचा गुप्तहेर एका पुस्तकांच्या दुकानात जातो. दुकान सांभाळणारी तरुणी डोरोथी मलोन. केस मागे बांधलेले, डोळ्यांवर चष्मा. समोरच्या दुकानातला गायगर दिसायला कसा, हे तो तिला विचारतो. ती वय, उंची, अंगलट, मिशी असं सगळं धडाधड सांगते आणि शेवटी म्हणते, त्याचा डावा डोळा काचेचा आहे बहुतेक. पोलिसाला लाजवेल असं वर्णन! बाहेर पाऊस पडतोय, बोगार्टच्या खिशात बाटली आहे. ती दाराचा पडदा खाली ओढते. मग तो चष्म्याचा विषय काढतो. ती पाठ फिरवून चष्मा काढते, केस मोकळे सोडते, वळते, आणि तो जणू पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं 'हॅलो' म्हणतो.

हा प्रसंग आवाज बंद करून बघा. चष्म्यातल्या मलोनकडे नीट बघा. काचा स्वच्छ आहेत, तिचे डोळे पूर्ण दिसतात, त्यांत खट्याळपणा आहे, आणि बोगार्टची नजर आधीपासूनच तिच्यावर खिळलेली आहे. ती सुंदर दिसतेच आहे. चष्मा निघाल्यावर बदललं ते केसांचं वळण आणि चेहऱ्याभोवतीची चौकट. मोकळे केस जबड्याची रेषा मऊ करतात, ते काम चष्म्याच्या येण्याजाण्याने होत नाही. याच्या जरा आधी बोगार्ट स्वतः गायगरच्या दुकानात जातो तेव्हा हॅटची कड वर दुमडतो, काळा चष्मा चढवतो आणि पुस्तकी किड्याचं सोंग आणतो. एकाच चित्रपटात पुरुषाला चष्मा हे वेशांतर करायचं साधन आहे, आणि स्त्रीला मात्र तो उतरवून प्रवेश मिळतो.

'नाऊ, व्हॉयेजर' (१९४२) मध्ये तर डॉक्टर स्वतःच्या हाताने बेटी डेव्हिसचा चष्मा मोडून टाकतो. आईच्या धाकात पिचलेली शार्लट व्हेल बरी होण्याची ती खूण. पण त्या आधीची शार्लट कशी घडवली होती बघा: दाट, राखलेल्या नसलेल्या भुवया, कपड्यांच्या आत भरती घालून जाड केलेलं अंग, जड बूट. जिन्यावरून ती पहिल्यांदा उतरते तेव्हा कॅमेरा आधी तिचे पायच दाखवतो. पुढे जहाजावरच्या नव्या शार्लटची ओळखही पायांपासूनच होते. नाजूक बूट, मग वर वर जात रुंद कडेची हॅट. गंमत म्हणजे त्या हॅटच्या कडेची सावली तिच्या डोळ्यांवर येते. जी सावली चष्म्याची चालत नव्हती ती हॅटची चालली, कारण हॅटने गूढ वाढतं असं तेव्हाच्या प्रेक्षकाने मान्य केलेलं होतं. आपण जिला चष्म्याची किमया म्हणतो ती इथे वेशभूषाकार ओरी-केली यांच्या कपड्यांची, रंगभूषेची आणि डेव्हिसच्या अभिनयाची किमया आहे. चष्मा फक्त शेवटची सही.

फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) मला फार प्रिय आहे, तरी त्यातली एक गोष्ट खटकते. नायक जन्मलाच नसता तर त्याच्या बायकोचं काय झालं असतं? तर ती अविवाहित राहिली असती, ग्रंथालय सांभाळलं असतं आणि तिला चष्मा लागला असता. लग्नाचा आणि नजरेच्या नंबरचा संबंध काय? पण प्रेक्षकाला तो लगेच कळतो, कारण खूण ठरून गेलेली होती. डोरोथी पार्कर या अमेरिकी कवयित्रीने १९२६ च्या संग्रहातल्या दोनच ओळींत म्हणून ठेवलं होतं की चष्मेवाल्या मुलींच्या वाट्याला पुरुष फारसे जात नाहीत. आपल्याकडेही मुलीला चष्मा लागला की घरात पहिली काळजी लग्नाचीच असायची. स्थळासाठी काढलेला फोटो चष्म्याविना, दाखवायच्या कार्यक्रमात चष्मा आतल्या खोलीत, आणि पोह्यांची बशी नेणाऱ्या मुलीला समोरचा मुलगा धड दिसतही नाही, हे कितीतरी घरांत घडलंय. सिनेमाने हे शोधून काढलं नाही. त्याने ते दहा पट मोठं करून दाखवलं.

आता उलटं उदाहरण, आणि तेही मेरिलिन मन्रोचं. 'हाउ टु मॅरी अ मिलियनेअर' (१९५३) मध्ये तिची पोला अगदी आंधळी म्हणावी इतकी लघुदृष्टीची आहे. पुरुष बघतील या भीतीने ती चष्मा लावत नाही, भिंतींना धडकते, आणि एकदा चुकीच्याच विमानात जाऊन बसते. शेजारी चष्मेवाला माणूस असतो, डेव्हिड वेन. तिचं पुस्तक उलटं धरलेलं आहे हे त्याच्या लक्षात येतं. तो तिला चष्मा लावायला लावतो आणि मनापासून सांगतो की तुला हा शोभतो. आणि खरोखर शोभतो! त्या काळातलं सर्वांत चर्चेतलं सौंदर्य पडद्यावर आहे, डोळ्यांवर मांजरीच्या डोळ्यांसारखी टोकं वर गेलेली फ्रेम आहे, आणि चेहऱ्याचं काहीही कमी झालेलं नाही.

का झालं नाही, याची कारणं कामाची आहेत. ती फ्रेम भुवईच्या रेषेला धरून वर जाते. भुवई झाकली जात नाही, उलट तिला जोर येतो आणि डोळ्यांचे बाहेरचे कोपरे उचलल्यासारखे दिसतात. अल्टिना शिनासी या न्यूयॉर्कच्या डिझायनर बाईंनी तीसच्या दशकाच्या शेवटी व्हेनिसच्या मुखवट्यांवरून अशी फ्रेम काढली होती. तोवर चष्मा हे औषधाच्या बाटलीसारखं नाइलाजाचं प्रकरण होतं, तिथून पुढे तो दागिन्यासारखा निवडता येऊ लागला. दुसरं कारण सिनेमास्कोपचं, म्हणजे तेव्हा नव्यानेच आलेल्या रुंद पडद्याच्या तंत्राचं. सुरुवातीच्या त्या भिंगांनी फार जवळून चेहरा घेतला तर तो आडवा फुगायचा, म्हणून कॅमेरा मागे राही. तेवढ्या अंतरावरून चष्म्यातली छोटी चमक डोळ्यांना फारशी खुपत नाही. तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं: चष्मा लावल्यावर मन्रोला दिसायला लागतं. तिची नजर समोरच्या माणसावर स्थिर होते. नजर ठरली की चेहरा ठरतो. एरवी पोलाचे अर्धवट मिटलेले, भिरभिरणारे डोळे बघून आपल्याला हसू येतं, पण ती सुंदर वाटते ती विमानातल्या त्या खुर्चीवर.

दिग्दर्शक हिचकॉक यांनी तर परावर्तनाच्या या अडचणीलाच कथेचा भाग केलं. 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (१९५१) मध्ये नायकाच्या चष्मेवाल्या बायकोचा, मिरियमचा, गळा आवळला जातो आणि तो खून आपल्याला गवतात पडलेल्या तिच्या चष्म्याच्या काचेत दिसतो. छायालेखक रॉबर्ट बर्क्स. जे परावर्तन आम्ही जिवाचं रान करून घालवतो ते त्यांनी अख्खं दृश्य म्हणून वापरलं. सात वर्षांनी 'व्हर्टिगो'तही बर्क्सच होते. त्यातली मिज चष्मेवाली, हुशार, मायाळू, आणि नायकाच्या ध्यानीमनी नसलेली. तो जिच्या मागे वेडा झालाय ती बाई ज्या जुन्या चित्राने झपाटलेली आहे, तसं चित्र मिज काढते आणि त्यावर स्वतःचा चष्म्यासकट चेहरा रंगवते. तो दुखावून निघून जातो. मिज झालेल्या बार्बरा बेल गेडीसचा त्या वेळचा चेहरा मला नायिका किम नोव्हाकच्या कुठल्याही क्लोज-अपपेक्षा जास्त लक्षात राहिलाय. तिच्यावरचा प्रकाश साधा, घरगुती आहे. नोव्हाकला मात्र हिरव्या धुक्यात आणून उभं केलंय. सौंदर्य कुणाच्या वाट्याला द्यायचं हे दिव्यांनी ठरवलेलं आहे.

आपल्याकडचं सांगायचं तर 'लव्ह इन शिमला' (१९६०) हा याच साच्यातला. साधनाची सोनिया आधी चष्मेवाली, दुर्लक्षित, मग तिचं रूप पालटतं. पण देशभरच्या मुलींनी नक्कल केली ती कपाळावरच्या बटांची. रुंद कपाळ झाकायला काढलेली ती युक्ती 'साधना कट' म्हणून घरोघरी गेली. रूपात फरक कशाने पडला हे प्रेक्षकांनाही कळलं होतं म्हणायचं.

आणि मग 'नायक' (१९६६). सत्यजित राय यांनी शर्मिला टागोरला काळ्या फ्रेमचा चष्मा दिला. तेव्हा ती 'कश्मीर की कली' करून मोठी स्टार झालेली होती, म्हणजे रूपाबद्दल शंकेला जागाच नव्हती. ती महिलांच्या मासिकाची संपादक अदिती, आणि कलकत्त्याहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत तिच्यासमोर बसलेला नट अरिंदम म्हणजे उत्तमकुमार. चष्मा त्यालाही आहे, काळा. तो लपायला चष्मा लावतो आणि ती बघायला. संपूर्ण चित्रपटात 'चष्मा काढ, मग तू सुंदर' असा क्षण राय आणत नाहीत. ती ऐकते, प्रश्न विचारते, त्याला ओळखते, आणि आपण तिच्यात गुंतत जातो. छायालेखक सुब्रत मित्र. त्यांनी 'अपराजितो'पासून कापडावर दिवे मारून परतलेला मऊ प्रकाश वापरायला सुरुवात केली होती. मऊ प्रकाश चष्म्याला तसा धोक्याचा, कारण एवढा मोठा पांढरा पृष्ठभाग काचेत दुधासारखा पसरतो. पण रेल्वेच्या डब्यात प्रकाशाला खिडकीचं कारण मिळतं आणि तो बाजूने येतो. बाजूने आलेला प्रकाश काचेवरून दुसऱ्या बाजूला निघून जातो, लेन्समध्ये येत नाही. कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेल्या त्या डब्यात अदितीचे डोळे काचेमागे किती स्वच्छ दिसतात, ते तुमच्या कॅमेरामनला जरूर दाखवा.

आता तुमच्या लघुपटाचं. क्लोज-अपला चष्मा काढू नका. ज्या मुलीला चष्मा आहे ती भावनेच्या क्षणी तो का काढेल? तिला समोरचं माणूस बघायचंय. तुमच्या कॅमेरामनला खालच्या गोष्टी करता येतील, आणि त्या स्वस्त आहेत.

साठच्या दशकाची फ्रेम जुन्या चष्मेवाल्याकडे अजून मिळते. घेताना वरची कड भुवईच्या लगत किंवा किंचित खाली बसेल अशी घ्या. भुवई फ्रेमच्या मागे गेली की अर्धा अभिनय गेला. आत झिरो नंबरची, अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगची काच बसवून घ्या. कोटिंगची झाक निळसर किंवा हिरवट येते, साठच्या दशकात ती खटकेल, म्हणून कमीत कमी झाक असलेलं मागा. नुसती मोकळी फ्रेम लांबच्या शॉटला चालते. जवळून मात्र काचेच्या कडेची बारीक चमक नसल्याचं प्रेक्षकाला जाणवतं, का ते त्याला सांगता येणार नाही एवढंच.

शॉटच्या वेळी काड्या कानावरून दोनतीन मिलिमीटर उचला. काच जराशी खाली झुकते आणि परावर्तन जमिनीकडे जातं. काडीखाली कापसाची छोटी गुंडाळी केसांत लपवली की काम झालं, फक्त केशभूषेच्या ताईंना आधी सांगा. की लाइट, म्हणजे मुख्य दिवा, बाजूला न्या, साधारण पंचेचाळीस अंशांच्याही पुढे, आणि थोडा वर. आय लाइटसाठी कॅमेऱ्यावर दिवा नको. त्याऐवजी तिच्या मांडीच्या उंचीवर, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, थर्माकोलचा लहान तुकडा धरा. खालून आलेला तो मंद प्रकाश चष्म्याच्या कडेची पापणीवरची सावलीही फिकी करतो. तो काचेत दिसला तर तुकडा आणखी लहान करा.

आणि थोडीशी चमक राहिली तर राहू द्या. मान हलली की काचेवरून झर्रकन जाणारी एखादी रेघ चष्मा खरा असल्याचं सांगते. ती बुबुळावर थांबू नये एवढीच काळजी घ्यायची. नायिकेला मात्र तो चष्मा आजच द्या. तालमीत वापरला नाही तर शूटिंगला तिचा हात सारखा नाकाकडे जाईल, आणि प्रत्येक टेकमध्ये चष्मा वेगळ्या जागी बसलेला दिसेल.